पाण्याखालचे धान
जनुकांच्या अभिव्यक्तीवरून वनस्पतींचा ताण कसा ओळखावा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी मला आठवीत विज्ञान शिकविले. शाळेत प्रयोगशाळा म्हणावी अशी खोली नव्हती. एका पावसाळ्यात त्यांनी बांधीतून धानाचे पऱ्हे आणविले, मातीसकट दोन डब्यांत लावले आणि त्यांतील एक डबा पाण्याने भरलेल्या उंच पिंपात पूर्ण बुडवून ठेवला. आम्ही रोज फूटपट्टीने दोन्हीकडील रोपांची उंची मोजून वहीत लिहायची. पाचसहा दिवसांतच बुडालेली रोपे उघड्यावरच्या रोपांपेक्षा उंच झाली. आम्ही मोठ्या ऐटीत निष्कर्ष लिहिला : ‘पाण्यात धान जलद वाढते.’ गुरुजींनी वही वाचली, चष्मा पुसला आणि विचारले, ‘वाढते की पळते?’

आम्हांपैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. पुढे दहाबारा दिवसांनी डबा बाहेर काढला तेव्हा ती उंच, फिकट रोपे आपल्याच भाराने आडवी पडली आणि दोन दिवसांत कुजली. गुरुजींच्या प्रश्नाला जनुकांच्या पातळीवरचे उत्तर मिळायला २००६ साल उजाडावे लागले. आज मी जे सांगणार आहे ते मुख्यतः त्या उत्तराविषयी आहे आणि ते ज्या पद्धतीने मिळाले त्या पद्धतीविषयी आहे. या पद्धतीला जनुकीय अभिव्यक्तीचा अभ्यास असे म्हणतात. नाव जड आहे, पण कल्पना आपल्या तालुक्याच्या गावी रोज चालणाऱ्या व्यवहारासारखी आहे.

तहसील कचेरीत जमिनीचे मूळ दप्तर असते. ते कोणालाही घरी नेता येत नाही. ज्याला कर्ज काढायचे असेल, वाटणी करायची असेल किंवा नुकसानभरपाईचा अर्ज करायचा असेल, तो आपल्या खात्यापुरती नक्कल काढतो आणि ती घेऊन पुढच्या टेबलाकडे जातो. सजीवाच्या प्रत्येक पेशीत असेच एक मूळ दप्तर असते. त्यालाच आपण डीएनए म्हणतो. धानाच्या दप्तरात बारा बस्ते, म्हणजे बारा गुणसूत्रे आहेत. दहा देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून हे दप्तर वाचून काढले आणि २००५ साली प्रसिद्ध केले. अकराव्या गुणसूत्राच्या काही भागाचे वाचन भारतीय शास्त्रज्ञांनी दिल्लीत केले होते. सुमारे ३९ कोटी अक्षरांच्या त्या मजकुरात त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे ३७,५४४ जनुके, म्हणजे तितकी स्वतंत्र खाती, आढळली. माणसाच्या अंगी वीस हजारांच्या आसपास जनुके आहेत. तेव्हा बांधीतून चालताना आपल्यापेक्षा मोठे खातेपुस्तक पायाखाली तुडवले जाते, हे ध्यानात असू द्यावे.

दप्तर मुळाच्या, पानाच्या आणि लोंबीच्या पेशीत एकच असते. मूळ आणि पान वेगळे का, तर दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या खात्यांच्या नकला निघतात म्हणून. या नकलेला संदेशक आरएनए असे नाव आहे. तिच्यावरून पेशीत प्रथिन तयार होते आणि प्रत्यक्ष काम ते प्रथिन करते. एखाद्या जनुकाच्या नकला निघू लागल्या की ते जनुक अभिव्यक्त झाले असे आम्ही म्हणतो. आता पाहा : पूर ओसरल्यावर कचेरीत कोणत्या नकलांसाठी गर्दी झाली, एवढेच पाहून नकला देणाऱ्या कारकुनाला गावावर काय बेतले ते घरबसल्या कळते. तसेच, पाणी तुटलेल्या, उन्हाने पोळलेल्या किंवा बुडालेल्या रोपाचे पान घेऊन त्यातील नकला मोजल्या, तर त्या रोपाने संकट कसे ओळखले आणि कोणती कामे हाती घेतली याचा माग लागतो.

मोजायचे कसे? पान तोडताच ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांवर गोठवतात. कारण नकला अल्पायुषी असतात. काही तर मिनिटांत नष्ट होतात, आणि आपल्या बोटांवरच त्यांना कुरतडणारी विकरे असतात. गोठलेल्या पानाची खलात पूड करून आरएनए वेगळा काढतात. पूर्वी एका वेळी एकदोन जनुकांच्याच नकला तपासता येत. १९९५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काचेच्या पट्टीवर अनेक जनुकांचे सूक्ष्म ठिपके मांडून सगळ्यांची मोजणी एकदम करण्याची युक्ती निघाली. त्या पहिल्या पट्टीवर ४५ जनुके होती आणि ती एका वनस्पतीची, मोहरीच्या कुळातील अ‍ॅरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपाची होती. २००८ च्या सुमारास ठिपके मागे पडले आणि पेशीतील जवळजवळ सर्वच नकला थेट वाचून मोजण्याची पद्धत आली. आज एका पानातील हजारो जनुकांचा हिशेब थोड्याच दिवसांत हाती येतो. हिशेब हाती येणे आणि तो समजणे यांत मात्र फार अंतर आहे. त्याकडे मी पुढे वळणार आहे.

ताणामुळे जनुके जागी होतात हे पहिल्यांदा दिसले ते वनस्पतीत नव्हे, फळमाशीत. आणि तेही चुकून. इटलीतील फेरुच्चो रितोस्सा यांच्या प्रयोगशाळेत कोणीतरी माश्यांच्या पेटीचे तापमान वाढवून ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले. उष्णतेने विवक्षित जनुके कामाला लागली होती. हे १९६२ साली प्रसिद्ध झाले. पुढे कळले की उष्णतेत इतर प्रथिनांचा आकार बिघडू नये म्हणून त्यांना सांभाळणारी प्रथिने पेशी तयार करते. नवतपाच्या दिवसांत आपल्याकडील गवताच्या पानातही हेच चाललेले असते.

आता धानाकडे येऊ. आपला बालाघाट जिल्हा धानाचा. २०२१ साली बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले ते आपण सर्वांनी वृत्तपत्रांत वाचले आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०२० च्या ऑगस्टअखेर, वैनगंगेला जो महापूर आला तो मानांकनापेक्षा अधिक जणांच्या स्मरणात असेल. खाली भंडारा-गोंदियापर्यंत त्याने दाणादाण उडविली. नदीकडच्या खोलगट भागातील आमच्या बांध्याही पाण्याखाली गेल्या. रोवणा होऊन धान चांगले फुटव्यावर आले होते. पाणी उतरल्यावर थोरल्या बंधूंचा मला दूरध्वनी आला. ते म्हणाले, ‘अरे, धान हिरवे दिसते आहे, पण हात लावला की खाली बसते. तू इतकी वर्षे धानाच्या पानांचा भुगा करतोस. आता सांग, ठेवू की मोडू?’ त्या वेळी पुन्हा रोवायला गावात कोठेही पऱ्हे उरले नव्हते. मी दोन दिवस मागितले. खरे सांगायचे तर त्या दोन दिवसांत मी काही शोधून काढले नाही. मला उत्तर ठाऊक होते आणि ते सांगण्याचे धैर्य होत नव्हते.

बुडालेल्या धानावर काय ओढवते? हवेच्या तुलनेत पाण्यात प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. म्हणजे रोप गुदमरते. शिवाय रोपात तयार होणारा इथिलीन नावाचा वायुरूप संप्रेरक एरवी हवेत निघून जातो, तो आता बाहेर पडू न शकल्याने आतच साठतो. हीच रोपाला मिळालेली वर्दी. साधे धान ही वर्दी मिळताच उंच होऊ लागते, पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी. जिबरेलीन हा वाढीचा संप्रेरक त्याला ताणतो, आणि त्यासाठी साठवलेली साखर व स्टार्च भराभर खर्च होतात. प्राणवायूवाचून तीच साखर आंबवून ऊर्जा काढावी लागते. एरवी एका ग्लुकोजच्या रेणूतून पेशीला ऊर्जेची तीसएक नाणी मिळतात, तेथे आता दोनच मिळतात. पाणी दोनतीन दिवसांत ओसरले किंवा फार खोल नसले, तर धावणे फळते. दहाबारा दिवस राहिले तर रोप पाण्याबाहेर येण्यापूर्वीच दिवाळखोर होते. बंधूंचे ‘हात लावला की बसते’ असे धान म्हणजे आमच्या पिंपातले धान. गुरुजींचा शब्द अचूक होता. ते पळत होते. इंग्रजीतील शास्त्रीय लिखाणातही या वर्तनाला पलायन याच अर्थाचा शब्द रूढ आहे, हे मला फार उशिरा कळले.

ओडिशात पूरप्रवण भागातील एका जुन्या गावठी वाणातून निवडलेले एफआर १३ ए नावाचे धान होते. ते दोन आठवडे पाण्याखाली राहूनही जगते हे संशोधकांना अनेक दशके माहीत होते. पण त्याचे उत्पन्न कमी, भात चवीला सुमार. ते कोण लावणार? नेहमीच्या संकराने त्याचा चांगला गुण घेऊ गेले की वाईट गुणही मागोमाग येत. १९९६ साली केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी दाखविले की या सहनशक्तीचा बराच मोठा भाग नवव्या गुणसूत्रावरील एकाच जागेशी निगडित आहे. त्या जागेला सब-१ असे नाव पडले. तेथे नेमके कोणते जनुक आहे हे ठरायला आणखी दहा वर्षे लागली, आणि ते ठरविण्यात अभिव्यक्तीच्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. त्या जागेत एकाच घराण्यातील तीन जनुके शेजारी शेजारी आढळली : सब-१ ए, बी आणि सी. रोपे बुडवून, ठरावीक काळाने पाने काढून, तिघांच्या नकला मोजल्या. सहनशील धानात रोप बुडताच सब-१ ए च्या नकला झपाट्याने वाढत आणि पाण्याबाहेर काढताच कमी होत. कित्येक धानांत हे जनुकच नव्हते. काहींत होते, पण किंचित वेगळ्या रूपात.

येथवर सगळा पुरावा परिस्थितिजन्य होता. पुराच्या दिवशी जो कचेरीत दिसला त्यानेच गाव वाचविले असे म्हणता येत नाही. म्हणून ते जनुक बुडीत न टिकणाऱ्या धानात घालून पाहण्यात आले, आणि ते धान टिकले. शू, मॅकिल, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस व त्यांचे सहकारी यांचा हा निबंध २००६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला.

हे जनुक करते तरी काय? त्याचे प्रथिन स्वतः कोणतेही अवजड काम करीत नाही. ते मुकादम आहे. इतर जनुकांच्या नकला केव्हा काढायच्या व केव्हा थांबवायच्या हे ते ठरविते. त्याच्यामुळे जिबरेलीनला लगाम घालणारी प्रथिने वाढतात, ताणणे थांबते, साखर राखून ठेवली जाते, आणि आंबविण्याच्या मार्गातील आवश्यक विकरे मात्र चालू राहतात. म्हणजे हे धान श्वास रोखून बसते. पाणी उतरले की उरलेल्या शिधावर नवी पाने काढते. गंमत अशी की २००९ साली जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांना खोल पाण्यातील धानात याच घराण्यातील दुसरी दोन जनुके सापडली, आणि त्यांचा हुकूम नेमका उलटा : थांबू नकोस, वाढ! त्या धानाचे पाणी महिनोन्‌महिने हटत नाही. तेथे बसून राहणे म्हणजे मरण. एकच वर्दी, एकच घराणे, दोन हुकूम. कोणता शहाणपणाचा हे पाण्यावर ठरते.

सब-१ चा पत्ता हाती आल्यावर स्वर्णा या लोकप्रिय वाणात तो गुण आणणे सुकर झाले. येथे गैरसमज होतो म्हणून सांगतो : हे धान प्रयोगशाळेत परके जनुक घालून केलेले नाही. साधा संकर केला, प्रत्येक पिढीत पुन्हा स्वर्णाशीच संकर केला, आणि रोपे मोठी होण्याची वाट न पाहता पानाच्या तुकड्यावरून सब-१ असलेली रोपे निवडली. दोनतीन वर्षांत जे धान तयार झाले ते जवळजवळ सर्वांगी स्वर्णाच होते. स्वर्णा-सब १ या नावाने ते २००९ साली भारतात प्रसारित झाले. ओडिशातील १२८ गावांत शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतावर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला : दहा दिवस बुडीत राहिलेल्या शेतात नव्या धानाचे उत्पन्न जुन्या स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक, आणि पूर नसलेल्या शेतात घट नाही. शेवटचे चार शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. पूर दरवर्षी येत नाही. विम्याचा हप्ता भरमसाट असेल तर विमा कोण काढील?

आता मी मघाशी राखून ठेवलेला मुद्दा. हजारो जनुकांचा हिशेब एकदम मिळू लागला तेव्हा आम्हा तरुण संशोधकांना वाटले की आता सगळे उकलले. मीही त्यांतलाच. अवर्षणाचा ताण दिलेल्या आणि न दिलेल्या धानाची पाने मी गोळा केली, पट्टीवर तपासली, आणि बदललेल्या जनुकांची लांबलचक यादी घेऊन मार्गदर्शकांपुढे उभा राहिलो. यादी इतकी मोठी होती की मी अभिमानाने तिची पाने मोजत असे. पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा केला आणि यादीतील बहुसंख्य नावे गळून पडली. कारण शोधता शोधता माझ्याच वहीत सापडले. पाणी दिलेल्या कुंड्या जवळ होत्या म्हणून त्यांची पाने मी सकाळी घेतली होती. कोरड्या कुंड्या आवाराच्या पलीकडे होत्या, तेथे पोचेपर्यंत दुपार झाली होती. रोपाच्या अंगात दिवसाचे घड्याळ असते आणि कित्येक जनुके त्याप्रमाणे सकाळ-दुपार बदलत राहतात. मी अवर्षण मोजले नव्हते; घड्याळ मोजले होते. एक वर्ष गेले. त्याहून वाईट म्हणजे दरम्यान मी एका शेतकरी मेळाव्यात त्या यादीच्या भरवशावर बोलून आलो होतो.

पुढे २०१२ साली जपानी संशोधकांनी उघड्या शेतातील धानाच्या पानांचे ४६१ नमुने तपासून दाखविले की पानातील नकलांचा चढउतार बहुतांशी दिवसाची वेळ, तापमान, सूर्यप्रकाश आणि रोपाचे वय यांवरून सांगता येतो. माझी चूक माझ्या एकट्याची नव्हती, याचे थोडे समाधान त्या दिवशी झाले. आणखी एक साधे गणित पाहा. ३७,५४४ जनुकांची तुलना करताना शंभरात पाच वेळा योगायोगाने फरक दिसेल इतकी ढिलाई ठेवली, तर काहीही न घडता १,८०० हून अधिक जनुके ‘बदललेली’ दिसतील. आणि नक्कल निघाली म्हणजे काम झालेच असे नाही, हे या सभेतील शेतकरी मंडळींना मी सांगायला नको.

अवर्षणाच्या बाबतीत तर यादीने अजून तरी मोठा दाणा दिलेला नाही, असे माझे मत आहे. मुळांना पाणी तुटल्याची जाणीव, अ‍ॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचा संदेश, पानांवरील रंध्रे मिटणे, पेशीचे सुकण्यापासून रक्षण करणारी प्रथिने, हा मार्ग चांगला उलगडला आहे. परंतु अवर्षण म्हणजे एक संकट नव्हे. रोवण्याच्या वेळी आर्द्रा कोरडी जाणे वेगळे आणि भारी धान पोटरीवर असताना हस्ताने दगा देणे वेगळे. २०१० च्या सुमारास आपल्याकडे आलेले सहभागी धान हे अवर्षणात तग धरणारे हलके वाण, कोणा एका जनुकाच्या मागे न लागता, कोरड्या शेतात प्रत्यक्ष उत्पन्न पाहून निवडले गेले. सब-१ ची कहाणी सोपी ठरली, कारण तेथे एकाच जनुकाचा वाटा फार मोठा होता. अशी कहाणी रोज हाती येत नाही. याच सब-१ ए मुळे रोप सुकल्यानंतर सावरायलाही मदत होते असे २०११ साली दिसून आले, पण तेवढ्यावरून त्याला कोरडवाहू धान म्हणणे धाडसाचे होईल. बियाणे उगवतानाचा पूर किंवा फुलोऱ्यातील पूर याला सब-१ चा उपयोग नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता बंधूंच्या प्रश्नाचा शेवट सांगतो. तिसऱ्या दिवशी मी त्यांना कळविले की खोलगट बांध्यांतील धान उठणार नाही. वरच्या बांध्यांतील, ज्यांची टोके अधूनमधून पाण्याबाहेर होती, ते ठेवावे. तसेच झाले. खालच्या बांध्यांतून त्या वर्षी जनावरांपुरती तणसही धड मिळाली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी त्या बांध्यांत स्वर्णा-सब १ लावले. पूर आला नाही, आणि धान शेजारच्या स्वर्णासारखेच पिकले. ‘मग फरक काय पडला?’ असे त्यांनी विचारले, आणि ‘काहीच नाही’ हे माझे उत्तर त्यांना पटले असे वाटले नाही.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेला मी श्रीरामाच्या यात्रेसाठी गावी आलो असता त्यांनी दुसरा प्रश्न पुढे केला : हा गुण आपल्या चिन्नोरमध्ये आणता येईल काय? तत्त्वतः येईल, मार्ग स्वर्णाचाच. पण आधी आपल्याकडे आज काय आहे ते पाहिले पाहिजे. डॉ. रा. ह. रिछारिया यांनी तत्कालीन मध्य प्रदेश व छत्तीसगढच्या पट्ट्यातून धानाचे सुमारे १९,००० नमुने गोळा केले होते. एफआर १३ ए हेदेखील अशाच कोणा अनाम शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणातून आले. आपल्या परिसरातील घराघरांत जे जुने धान बियाण्यापुरते शिल्लक आहे, ते पाण्याखाली किती दिवस टिकते हे कोणी बुडवून पाहिले आहे?

मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. येत्या पावसाळ्यात नववीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या धानाचे तीन आठवड्यांचे पऱ्हे आणावेत, प्रत्येक वाणाचे दोन डबे करावेत, एक उघडा ठेवावा व दुसरा पिंपात चौदा दिवस बुडवावा. सोबत तुलनेसाठी स्वर्णा आणि स्वर्णा-सब १ यांचे बियाणे मी पाठवीन. उंची रोज मोजावी, रोज सकाळी एकाच वेळी. डबा बाहेर काढल्यावर लगेच निकाल लिहू नये. आणखी दहा दिवस थांबून किती रोपांना नवे पान फुटले ते मोजावे. वही मात्र गुरुजींच्या वेळेसारखी शंभरपानी घ्यावी, सुटे कागद नकोत.